दोनशे फुटांतले शेजारी: नोटिशीआधी दार वाजवावं का?

माजघर
४ मार्च २०२५, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागून ठेवते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. घर जुनं आहे, सगळ्या झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर. सासूबाई-सासरे आता कायमचे आमच्याकडे येतायत आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही. म्हणून खाली एक खोली आणि बाथरूम वाढवायचं ठरलं. लॉट, म्हणजे घराची जागा, अरुंद. आमच्या झोनमध्ये बाजूची मोकळी जागा, म्हणजे साइड सेटबॅक, १५ फूट हवी. खोली झाली की हद्दीपासून ११ फूट ४ इंच उरतात. या ३ फूट ८ इंचांसाठी झोनिंग बोर्डाकडे (बांधकामाच्या नियमांचं मंडळ) व्हेरियन्स, म्हणजे नियमातून सूट, मागायचा आहे.

अर्ज गेलाय, तो परिपूर्ण असल्याचं पत्रही आलंय. सुनावणी ८ एप्रिलला. आता २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना नोटीस द्यायची. टाउनशिपकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, यादी मिळाली, ३१ नावं. नावामागे २५ सेंट किंवा १० डॉलर, यातलं जे जास्त असेल ते घेतात, म्हणून १० डॉलर भरले.

वाद घरातच आहे. नवरा म्हणतो, कायद्यानं पत्र पाठवायला सांगितलंय, पाठवू आणि गप्प बसू. आधी दारोदार सांगत फिरलो तर ज्यांच्या डोक्यात काही नव्हतं त्यांच्याही डोक्यात शंका उगवतील. मला ते पटत नाही. उजवीकडच्या घरात एक वयस्क बाई एकट्या राहतात. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर आमच्या नव्या भिंतीसमोर येणार. सहा वर्षांत आमचं बोलणं "आज रिसायकलिंगचा दिवस ना?" याच्या पुढे गेलेलं नाही. आणि आता एकदम सही करून घ्यायचं सर्टिफाइड मेल?

कोणी यातून गेलंय का? आधी सांगितलंत का? सांगितलंत तर काय सांगितलंत?

---

कुंपणावरचा_सरडा
४ मार्च २०२५, रात्री १०:१५

आमची धाव कुंपणापर्यंतच, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा.

माजघरताई, नवरोबांना एक विचारा. शेजाऱ्यानं तुम्हाला न सांगता असं पत्र धाडलं असतं तर ते गप्प बसले असते का? की रात्री अकराला टेप घेऊन अंगणात गेले असते?

---

तळटीप
४ मार्च २०२५, रात्री ११:३०

मी वकील नाही. वकिलाच्या कचेरीत अशा फायली लावतो, अकरा वर्षं झाली. त्यामुळे हे सल्ला म्हणून नाही, पाहिलेलं म्हणून वाचा.

न्यू जर्सीत हे सगळं १९७५च्या म्युनिसिपल लँड यूज लॉखाली येतं. नोटीस सुनावणीच्या किमान १० दिवस आधी द्यायची, एकतर हातात नेऊन किंवा सर्टिफाइड मेलनं. शिवाय सध्याच्या, २०२५च्या, नियमानं तोच मजकूर वृत्तपत्रात, तोही १० दिवस आधी. ही दोन कामं वेगळी आहेत आणि दोन्ही अर्जदाराच्याच गळ्यात असतात. अनेकांना वाटतं की अर्ज दिला, आता टाउनशिप कळवेल. तुमच्या टाउनशिपनं तसं सांगितलं असेल तरच. नाहीतर तुम्हीच.

लोक अडकतात ते वृत्तपत्रात. पत्रं पोस्टात टाकणं आपल्या हातात असतं, छपाई नसते. तुमच्याकडचं अधिकृत वृत्तपत्र साप्ताहिक असेल आणि गुरुवारी निघत असेल तर हिशेब करून बघा. २७ मार्चचा अंक सुनावणीच्या १२ दिवस आधी येतो. तो चुकला तर पुढचा ३ एप्रिलचा, म्हणजे पाचच दिवस. मजकूर अंकाच्या काही दिवस आधी पोचावा लागतो. आणि अधिकृत वृत्तपत्र सध्या कुठलं, हे टाउनशिपच्या क्लार्कला आजच विचारा. स्टार-लेजर या इथल्या मोठ्या दैनिकाची छापील आवृत्ती फेब्रुवारी २०२५च्या सुरुवातीला बंद झाली, तेव्हा जुन्या फायलीतलं नाव बघून जाहिरात धाडू नका.

दहाच्या जागी नऊ दिवस झाले तर? बोर्डाचा वकील सुनावणीच्या सुरुवातीलाच कागद तपासतो. नोटीस सदोष असेल तर बोर्डाला तुमचं ऐकायचा अधिकारच पोचत नाही. "चालवून घेऊ" हा प्रकार नाही. आर्किटेक्ट फी लावून आलेला असतो, तुम्ही रजा टाकलेली असते, आणि आठ मिनिटांत घरी. मग पुन्हा ३१ पत्रं आणि पुन्हा जाहिरात.

मजकुरात तारीख, वेळ, जागा, घराचा पत्ता किंवा ब्लॉक-लॉट नंबर (नोंदीतला जमिनीचा क्रमांक), नकाशे कुठे आणि कधी बघायला मिळतील, आणि मागणी काय आहे, हे सगळं हवं. शेवटची बाब महत्त्वाची. १९९६चा पर्लमार्ट विरुद्ध लेसी टाउनशिपचा निकाल आमच्या कचेरीत सगळ्यांना पाठ आहे. त्या नोटिशीत व्यापारी लॉट वगैरे लिहिलं होतं, पण तिथे के-मार्टचं शॉपिंग सेंटर येणार याचा उल्लेखच नव्हता. कोर्टानं म्हटलं, साध्या माणसाला वाचून कळलं पाहिजे की होणार काय आहे, म्हणजे हरकत घ्यायची की नाही ते त्याला ठरवता येईल. तेव्हा नुसतं "कलम अमुकखाली सवलत" असं लिहू नका. "घराच्या उजव्या बाजूला एकमजली खोली आणि बाथरूम, बाजूचं अंतर १५ फुटांऐवजी ११ फूट ४ इंच" असं लिहा.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर उद्या देतो, डोळे मिटतायत.

---

गोगलगाय
५ मार्च २०२५, सकाळी ७:५०

मी पलीकडच्या बाजूची. म्हणजे नोटीस मिळालेली.

तीन वर्षांपूर्वी दारावर पोस्टाची चिठ्ठी. सर्टिफाइड मेल आहे, सही हवी, तुम्ही घरी नव्हता. आता असं टपाल चांगली बातमी घेऊन येतं का कधी? रात्रभर मी टॅक्सपासून कोर्टापर्यंत सगळं मनात फिरवलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पोस्टात गेले, पंचवीस मिनिटं रांगेत उभी राहिले. पाकीट फोडलं तर आत एक पान, त्यात तीन कलमांचे आकडे आणि शेवटी "बोर्डाला आवश्यक वाटेल अशी अन्य कोणतीही सवलत". अन्य कोणतीही म्हणजे? दहा मजले चढवणार की काय?

मी सुनावणीला गेले, हरकत घ्यायचीच म्हणून. तिथे नकाशा लावला तेव्हा कळलं, पुढच्या दाराला छप्पर घालायचं होतं, दोन फूट पुढे येत होतं. दोन फूट! आणि ते घर आमच्यापासून चौथं.

मी काही न बोलता परत आले, पण त्या कुटुंबाशी वर्षभर नीट बोलले नाही. खरं सांगते, राग छपराचा नव्हता. रांगेत उभं केल्याचा होता.

---

माजघर
५ मार्च २०२५, सकाळी ९:०५

गोगलगाय, हे नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ठीक आहे, उजवीकडच्या बाईंकडे जा, पण ३१ घरं नाही." अर्धी लढाई जिंकले.

---

चार्ल्सकाठ
५ मार्च २०२५, दुपारी १२:२०

मॅसॅच्युसेट्समध्ये थोडं वेगळं आहे. आमच्याकडे नोटीस बोर्ड पाठवतं, अर्जदार नाही. लगतचे मालक, रस्त्यापलीकडे बरोबर समोरचे, आणि लगतच्यांच्या लगतचे, पण ते हद्दीपासून ३०० फुटांच्या आत असतील तरच. या शेवटच्यांना कायद्यातच "अबटर्स टू द अबटर्स" म्हटलंय. शेजाऱ्याचा शेजारी! वृत्तपत्रात सलग दोन आठवडे, पहिली जाहिरात सुनावणीच्या १४ दिवस तरी आधी.

पत्र सरकारी पाकिटातून येत असल्यामुळे आमच्याकडे लोक जास्तच दचकतात. आम्ही डेकच्या वेळी तेरा घरांत एकपानी चिठ्ठी टाकली होती, साध्या भाषेत, फोन नंबरसकट. दोन फोन आले. एकानं कंत्राटदाराचा नंबर मागितला.

---

तळटीप
५ मार्च २०२५, रात्री ८:१०

आता मूळ प्रश्न. माझं मत: जा. पण जाताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. शेजाऱ्यांशी बोलायची गोष्ट आणि बोर्डासमोर मांडायची गोष्ट या दोन वेगळ्या आहेत.

सासूबाईंचे गुडघे बोर्डासमोर उपयोगाचे नाहीत. ऐकायला निष्ठुर वाटेल, पण अडचणीच्या मुद्द्यावर मागितलेल्या व्हेरियन्समध्ये अडचण जमिनीची हवी: लॉट अरुंद आहे, आखूड आहे, उतार आहे, मूळ घरच वाकडं बसलंय. माणसाची वैयक्तिक अडचण कोर्टं धरत नाहीत, कारण माणूस उद्या घर विकून जाईल आणि भिंत तिथेच राहील. मग दुसरी बाजू: यानं सार्वजनिक हिताला किंवा झोनिंगच्या आराखड्याला मोठी बाधा येत नाही हे दाखवायचं. म्हणून बोर्डासमोर आर्किटेक्टला लॉटच्या रुंदीवर बोलू द्या.

उलट, शेजारच्या बाईंना लॉटच्या रुंदीशी काय घेणं? तिथे गुडघेच सांगा.

बोर्डाच्या सदस्यांपैकी कोणी ओळखीचं निघालं तर त्यांच्याशी या विषयावर अवाक्षर बोलू नका. शेजाऱ्याकडे चहाला जाणं चालतं, सदस्याकडे नाही.

---

माजघर
५ मार्च २०२५, रात्री ८:४०

हे माहीतच नव्हतं! मी भाषणच गुडघ्यांवर तयार केलं होतं.

बाईंनी होकार दिला तर त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घेऊ का? "माझी हरकत नाही" असं?

---

तळटीप
५ मार्च २०२५, रात्री ९:२५

घ्यायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. सुनावणीत साक्ष शपथेवर होते आणि समोरच्याला उलटतपासणीचा हक्क असतो. कागदाची उलटतपासणी कशी करणार? म्हणून बरीच बोर्डं पत्रं आणि सह्यांचे अर्ज पुरावा म्हणून घेत नाहीत. त्या स्वतः आल्या आणि दोन वाक्यं बोलल्या तर त्याला वजन.

आणि हे मतदानही नव्हे. तीसजण विरोधात आले म्हणून अर्ज पडत नाही, सगळे बाजूनं आले म्हणून मंजूर होत नाही. १९२८मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे सिअॅटलचं एक प्रकरण आलं होतं. वृद्धाश्रम बांधायचा तर ४०० फुटांतल्या दोन तृतीयांश मालकांची संमती आणा, असा नियम होता. कोर्टानं तो रद्द केला. लहरीवर किंवा स्वार्थावर दुसऱ्याच्या जमिनीचा निर्णय शेजाऱ्याच्या हाती देता येत नाही, असा त्याचा रोख. शेजाऱ्याला ऐकवण्याचा हक्क आहे, नकाराधिकार नाही.

(अख्ख्या भागाचं झोनिंगच बदलत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आपल्या राज्यात बदलात येणाऱ्या किंवा त्याच्या २०० फुटांतल्या जमिनीपैकी २० टक्के क्षेत्राच्या मालकांनी लेखी विरोध केला, तर ठराव पास व्हायला दोन तृतीयांश मतं लागतात. तुमचा तो विषय नाही.)

---

पायरी
६ मार्च २०२५, सकाळी १०:३२

सगळे "जा जा" म्हणतायत म्हणून उलटा अनुभव देतो.

आम्ही गॅरेजच्या वेळी गेलो होतो. शेजारी फार प्रेमळ. गप्पांच्या ओघात ते म्हणाले, "मध्ये थोडी हिरवळ असती तर बरं." मी म्हणालो, हो हो, झाडं लावू की! किती, कसली, काही बोलणं नाही. सुनावणीला ते उभे राहिले आणि अतिशय गोड आवाजात म्हणाले, "यांनी मला संपूर्ण हद्दीवर सदाहरित झाडं लावायचं कबूल केलंय, त्यामुळे माझी हरकत नाही." बोर्डाच्या अध्यक्षांनी मला विचारलं, खरं का? शपथेवर उभा असताना नाही कसं म्हणू? ती मंजुरीची अट झाली, ठरावात लिहिली गेली. ८० फूट हद्द. झाडं मोजून लावली आणि मेली तर बदलायची जबाबदारीही माझीच.

तेव्हा जा, पण तोंडाला कुलूप घेऊन जा.

---

कुंपणावरचा_सरडा
६ मार्च २०२५, सकाळी १०:४०

"हो हो लावू की" हे आपल्याकडचं "बघू या" असतं. ठरावात त्याचं भाषांतर वेगळं झालं.

---

धुकट
६ मार्च २०२५, संध्याकाळी ६:१५ (लंडन)

पायरींचं वाचून आमचं पार्टी वॉलचं, म्हणजे सामाईक भिंतीचं, प्रकरण आठवलं. इंग्लंडमध्ये प्लॅनिंगची परवानगी आणि शेजाऱ्याची नोटीस यांची गल्लत हमखास होते. प्लॅनिंगसाठी शेजाऱ्यांना कौन्सिल कळवते, एकतर पत्रानं किंवा खांबावर पाटी लावून, आणि मत द्यायला साधारण २१ दिवस. तिथे "माझा देखावा जातो" किंवा "घराची किंमत पडेल" हे मुद्दे धरत नाहीत. उजेड अडतो, घरात डोकावता येतं, हे धरतात.

पण सामाईक भिंतीला हात लावायचा किंवा शेजाऱ्याच्या घराजवळ पाया खणायचा तर १९९६चा पार्टी वॉल कायदा. त्याची नोटीस घरमालकानंच द्यायची: भिंतीच्या कामाला दोन महिने आधी, खोदकामाला एक महिना. शेजारी १४ दिवस गप्प राहिला तर ती संमती नाही, वाद उभा राहिला असं कायदा मानतो! मग सर्व्हेयर, आणि बहुधा दोन्हीकडचा खर्च आपल्या खिशातून. म्हणून इथे लोक नोटीस हातात देतात, सोबत संमतीचा कागद आणि पेनही. आमच्या शेजाऱ्यानं सही केली ती दारातच, माझ्या पाठीवर कागद ठेवून.

---

सातबारा
७ मार्च २०२५, दुपारी ३:०५

महाराष्ट्रातून हे सगळं वाचताना गंमत वाटते. आपल्याकडे नियमात बसणाऱ्या बांधकाम परवानगीसाठी शेजाऱ्याला कळवायची अशी पद्धत नाही. त्याला कळतं ते वाळूचा ट्रक आला की. विकास आराखड्यातच फेरबदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ३७खाली राजपत्रात सूचना निघते, हरकती-सूचनांना एक महिना मिळतो आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना नोटीसही द्यायची असते. बाकी हरकत घ्यायची ती परवानगी झाल्यावर, धावतपळत.

शेजाऱ्याला खरी नोटीस येते ती जमिनीच्या मोजणीची. लगतच्या खातेदारांना भूमी अभिलेखकडून पत्र जातं, अमुक दिवशी हजर राहा. आणि गंमत बघा, मोजणीला हजर राहिलेला शेजारी नंतर कमी भांडतो. खुणेचा दगड त्यानं डोळ्यांनी बघितलेला असतो.

---

माजघर
७ मार्च २०२५, रात्री १०:००

सातबारा, तुमचं शेवटचं वाक्य घेऊन झोपायला जाते. काहीतरी सुचलंय.

---

माजघर
१६ मार्च २०२५, रात्री ९:२०

तर मंडळी, ताजी खबर.

काल दुपारी नवरा आणि मी अंगणात उतरलो. सर्व्हेचा कागद, टेप, चार लाकडी खुंट्या आणि केशरी दोरी. हद्दीची लोखंडी खूण शोधायला अर्धा तास गेला, गवताखाली तीन बोटं दबलेली होती. नव्या खोलीचा आकार दोरीनं आखला. कागदावर ३ फूट ८ इंच किती क्षुल्लक वाटतात! दोरी बांधल्यावर मलाच जरा धस्स झालं. इतकं जवळ?

मग उजवीकडच्या बाईंचं दार वाजवलं. म्हटलं, आम्ही एक खोली बांधायचं म्हणतोय, तुम्हाला काही दिवसांत एक सरकारी भाषेतलं पत्र येईल, ते यायच्या आधी तुम्ही जागा बघावी असं वाटलं. त्या स्वेटर चढवून बाहेर आल्या. दोरीच्या कडेनं सावकाश चालल्या. मी खिडकीबद्दल सगळं पाठ करून गेले होते: भिंत एकमजलीच आहे, त्या बाजूला आमची खिडकी ठेवलेली नाही.

त्यांनी खिडकीकडे बघितलंच नाही. वर आमच्या छपराकडे बघून विचारलं, "पाणी कुठे जाणार?"

आमच्या पन्हाळीचा नळ त्या कोपऱ्यात उतरतो. गेली सहा वर्षं मोठा पाऊस झाला की त्यांच्या तळघराच्या भिंतीला ओल येते. सहा वर्षं! त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. आता छप्पर आणखी मोठं होणार म्हणजे पाणी आणखी वाढणार, हे त्यांना दोरी बघताक्षणी कळलं.

पायरींचं कुलूप आठवलं. "आर्किटेक्टला विचारून सांगते" एवढंच बोलले. आज त्याच्याशी बोलणं झालं. नवं छप्पर पुढच्या बाजूला उतरवता येईल आणि तो जुना नळही वळवून पुढच्या हिरवळीत जमिनीखालच्या शोषखड्ड्यात सोडता येईल. खर्च थोडा वाढेल. सुधारित नकाशा उद्या देतोय.

सासूबाईंचे गुडघेही निघाले बोलण्यात. बाईंनी स्वतःचा डावा गुडघा थोपटून दाखवला. बदललेला आहे म्हणे, चार वर्षं झाली.

---

तळटीप
१६ मार्च २०२५, रात्री १०:०५

छान. नकाशा बदलला तर तो सुनावणीच्या किमान १० दिवस आधी बोर्डाच्या फाइलीत पोचला पाहिजे, लोकांना बघायला. उद्या म्हणजे उद्याच द्या.

---

गोगलगाय
१६ मार्च २०२५, रात्री १०:३०

"पाणी कुठे जाणार?" वाचून अंगावर काटा आला. हे कुठल्या नोटिशीत येणार होतं?

---

माजघर
२८ मार्च २०२५, रात्री ९:५५

पत्रं परवा गेली. जेवणाच्या टेबलावर ३१ पाकिटं, ३१ हिरव्या पट्ट्या. पट्टी सोलून पाकिटाच्या वरच्या कडेला चिकटवायची, पावतीवर नाव लिहायचं. मुलीनं उत्साहात एक पट्टी भलत्याच पाकिटाला लावली, ती काढताना नंबरच फाटला. म्हणून तळटीपांनी खाजगीत सांगितल्याप्रमाणे पावत्या यादीशी ताडून पाहिल्या, ब्लॉक-लॉट नंबरसकट. पोस्टातल्या काकांनी प्रत्येक पावतीवर गोल शिक्का मारला. मागे रांग वाढत होती आणि मी मान वर करायची हिंमत केली नाही.

यादीत दोन गमती. आमच्या समोरच्या घराचं पत्र गेलं टेक्सासला, कारण मालक कुठलीशी कंपनी आहे. समोर रोज जे कुटुंब दिसतं ते भाडेकरू, त्यांना कायद्यानं काहीच जात नाही. धूळ आणि आवाज मात्र त्यांनाच सोसायचा. त्यांच्या दारात साधी चिठ्ठी टाकून आले. दुसरं म्हणजे आमचा रस्ता काउंटीचा (जिल्ह्याचा) निघाला, म्हणून काउंटी प्लॅनिंग बोर्डालाही एक पत्र लागलं. ते नाव यादीच्या तळाशी होतं, मी जवळजवळ सोडलंच होतं.

जाहिरात २७च्या अंकात आली. दहा वेळा वाचली. प्रतिज्ञापत्र नोटरीकडून झालं: यादी, पावत्या आणि वृत्तपत्राचा दाखला जोडून सोमवारी बोर्डाच्या सेक्रेटरींना देणार.

एक शंका. कोणी पत्र घेतलंच नाही तर?

---

तळटीप
२८ मार्च २०२५, रात्री १०:२०

सर्टिफाइड मेलची नोटीस पोस्टात टाकली की पूर्ण झाली, असं कायदाच म्हणतो. तुमच्याकडे शिक्क्याची पावती आहे, बस्स. आणि टाउनशिपच्या यादीतच एखादं नाव राहिलं असेल तर त्याचा दोष तुमच्यावर येत नाही, यादीवर विसंबायचा तुम्हाला हक्क आहे. १० डॉलर त्यासाठीच. ऑनलाइन नकाशावर स्वतः वर्तुळ काढून यादी बनवणारे इथेच फसतात.

---

पायरी
७ एप्रिल २०२५, रात्री ८:००

उद्या शुभेच्छा. कुलूप विसरू नका.

---

माजघर
९ एप्रिल २०२५, सकाळी ८:१५

झालं! सहा सदस्य हजर होते, सहाही बाजूनं.

आमच्या आधी एका अर्जदाराला परत पाठवलं, जाहिरात नवव्या दिवशी आली होती. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मी तिसरीकडेच बघितलं.

आर्किटेक्ट लॉटच्या रुंदीवर वीस मिनिटं बोलला. गुडघ्यांचा ग सुद्धा नाही. मग लोकांना बोलायला सांगितलं. उजवीकडच्या बाई आल्या होत्या. शपथ घेतली आणि म्हणाल्या, पाण्याचं यांनी नकाशात घातलंय ते मी पाहिलंय, मला आणखी काही म्हणायचं नाही. शोषखड्डा मंजुरीची अट झाला, पण तो आधीच नकाशात होता, त्यामुळे पायरीदादा, झाडं वाचली.

हरकत आली ती भलतीकडूनच. मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थांची. त्यांचं घर आमच्या मागच्या कुंपणाला लागून, पण दार दुसऱ्या रस्त्यावर, म्हणून मी त्यांच्याकडे गेलेच नव्हते. ते रात्रपाळी करतात. काम सकाळी किती वाजता सुरू होणार, एवढाच प्रश्न, पण विचारला तो बऱ्याच चढ्या आवाजात. बोर्डानं सांगितलं, टाउनशिपच्या आवाजाच्या नियमात वेळा ठरलेल्या आहेत. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. बाहेर पार्किंगमध्ये नवऱ्यानं त्यांना गाठलं आणि दहा मिनिटं बोलत उभा राहिला. हाच नवरा, "गप्प बसू" वाला. त्या बाजूचं तोडकाम दुपारनंतर करता येतं का, ते आता कंत्राटदाराला विचारायचंय.

---

तळटीप
९ एप्रिल २०२५, सकाळी ९:००

अभिनंदन. पण कुदळ लगेच मारू नका. लेखी ठराव अजून मंजूर व्हायचाय, त्याला बोर्डाकडे ४५ दिवस असतात. मग निर्णयाची सूचना वृत्तपत्रात, आणि ती छापल्यापासून ४५ दिवस कोणालाही कोर्टात जाता येतं. त्याआधी बांधलंत तर ते तुमच्या जोखमीवर. सूचना छापायचं काम तुमच्या टाउनशिपमध्ये कोण करतं ते विचारा. कोणीच छापली नाही तर ते ४५ दिवस सुरूच होत नाहीत.

---

माजघर
९ एप्रिल २०२५, सकाळी ९:३०

सेक्रेटरींना आत्ताच मेल केला.

खुंट्या आणि दोरी तशीच ठेवलीय. आज सकाळी बघते तर उजवीकडच्या बाई दोरीच्या आत, बरोबर बाथरूमच्या जागी उभ्या. मला हाक मारून म्हणाल्या, कमोडच्या बाजूला धरायची दांडी आत्ताच नकाशात घालून घ्या, नंतर भिंत फोडावी लागते.

---

कुंपणावरचा_सरडा
९ एप्रिल २०२५, सकाळी ९:४१

दांडी दोन्ही बाजूंना घाला. आमच्या आजीला एकीनं भागलं नव्हतं.